शाईची पेनं जमवणं आणि छोट्या पेनात शाई भरणं: गोव्यातल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

शाईची पेनं जमवतो म्हटलं की लोक तेच दहा-पंधरा प्रश्न फिरून फिरून विचारतात, कोणी फोंड्याहून फोन करतं, कोणी म्हापशाच्या बाजारात थांबवून खिशातलं गळकं पेन काढून दाखवतं. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. क्रम काही खास नाही, हवा तो प्रश्न शोधून वाचा. छोट्या पेनांबद्दल जरा जास्त लिहिलंय कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो, आणि माझं मत विचाराल तर गोव्याच्या हवेत छोटं पेनच बरं पडतं, ते का ते खाली येईलच.

सुरुवात कुठल्या पेनापासून करू?

भारी पेन आधी घेऊ नका एवढंच सांगेन. एक देशी आयड्रॉपर, म्हणजे ज्याच्या पोटात ड्रॉपरने थेट शाई ओततात ते, आणि एक छोटं कार्ट्रिजवालं, म्हणजे ज्यात शाईने भरलेली छोटी प्लास्टिकची नळी बसवतात ते, एवढ्यावर पहिलं वर्ष मजेत जातं. देशीमध्ये मुंबईची एअरमेल आणि वॉलिटीची पेनं काही शे रुपयांत मिळतात, बिघडलं तर जीव जळत नाही आणि उघडून आत काय आहे ते बघता येतं, शिकायला तेच पाहिजे. मग आवड टिकली तर राजमुंद्रीचं रत्नम, ते १९३२ पासूनचे, स्वदेशीच्या दिवसांत त्यांचं पेन गांधीजींकडे गेलं आणि १९३५ साली गांधीजींनी पत्र लिहून पोच दिली, ही गोष्ट पेनवाल्यांत सगळ्यांना तोंडपाठ असते. तिरुवल्लूरचे रांगावाले एबोनाइटची पेनं हाताने कातून करतात. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर, नवीन असताना थोडा वासही येतो, घाबरू नका.

जपानी स्वस्तातलं हवं तर प्लॅटिनम प्रेपी. टोपणाच्या आत दुसरं छोटं टोपण असतं त्यामुळे शाई लवकर वाळत नाही.

सोन्याची निबच पाहिजे का?

नाही. टोकाला जो कडक धातूचा बारीक मणी असतो तो कागदावर घासतो, सोनं नाही. स्टीलची चांगली घासलेली निब सोन्याच्या वाईट निबेपेक्षा कितीतरी बरी लिहिते.

आपलं पेन दुसऱ्याला लिहायला दिलं तर निब बिघडते, हे खरं?

आजोबा लोक सांगायचे ते. एकदा सही करायला दिल्याने काही होत नाही, तो मणी फार कडक असतो. पण बॉलपेनची सवय असलेला माणूस निब दाबून लिहितो आणि दोन फाका वाकवून ठेवतो, हा धोका मात्र खरा आहे. बँकेत, पंचायतीत कोणी पेन मागितलं तर द्यायला एक बॉलपेन वेगळं ठेवा, नात्यातले संबंधही चांगले राहतात.

छोटं पेन म्हणजे नक्की किती छोटं?

कावेको स्पोर्ट हे सगळ्यांच्या ओळखीचं, टोपण लावून साधारण साडेदहा सेंटिमीटर आणि टोपण मागे लावलं की तेराच्या वर, म्हणजे बंद असताना शर्टाच्या खिशात मावतं आणि उघडलं की हातात नेहमीच्या पेनाएवढं होतं. कावेकोचंच लिलिपुट त्याहून लहान, दहाच्या आत. पायलटचं पेती वन म्हणून एक प्लास्टिकचं येतं, स्वस्त आणि गोड. आणि जपान्यांनी साठ-सत्तरच्या दशकात जी खिशातली पेनं काढली, पायलट, सेलर, प्लॅटिनम तिघांनीही, लांब टोपण आणि आखूड पोट, ती जमवायला माझ्या मते सगळ्यात मजेची. १९७१ चं पायलट म्यू तर निब आणि पुढचा भाग एकाच स्टीलच्या तुकड्यातून केलेलं, बघितलं की जोड कुठे आहे ते शोधत बसतो माणूस.

याच्याही आधी, १९२० च्या आसपास, टोपणाला कडी असलेली बोटाएवढी पेनं यायची, बायका साखळीत अडकवून गळ्यात घालायच्या. अशी जुन्या घरात कधी कधी निघतात, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

मुख्य प्रश्न. छोट्या पेनात शाई भरायची कशी? बाटलीत बुडवून पिस्टन फिरवायला जागाच नसते.

आधी आत काय बसतं ते बघा, कारण छोट्या पेनात नेहमीचा कन्व्हर्टर, म्हणजे कार्ट्रिजच्या जागी बसणारी आणि बाटलीतून शाई ओढून घेणारी नळी, बहुतेक वेळा मावतच नाही. लोक ऑनलाइन कन्व्हर्टर मागवतात, आला की कळतं मागचं पोट बंदच होत नाही.

कावेकोसारख्या पेनात आखूड इंटरनॅशनल कार्ट्रिज जातं, लांबी ३८ मिलिमीटरच्या आसपास, शाई पाऊण ते ०.८ मिली. त्यांचा स्वतःचा छोटा कन्व्हर्टरही आहे पण त्यात शाई त्याच्या निम्मीच्या जवळपास राहते आणि निब बुडवून भरताना अर्धी हवाच येते. माझं सरळ मत, छोटा कन्व्हर्टर घेऊ नका, रिकामं झालेलं कार्ट्रिज धुऊन सिरिंजने भरा. शाई जास्त बसते, खर्च शून्य आणि बाटलीच्या गळ्यात पेन घालून हात निळे करायचे नाहीत.

कृती अशी. रिकामं कार्ट्रिज काढा, त्यात सिरिंजने पाणी सोडून दोन-तीन वेळा खळखळून घ्या, निथळू द्या. मग सिरिंजमध्ये एक मिलीपेक्षा थोडी कमी शाई घ्या, सुईचं टोक कार्ट्रिजच्या तळापर्यंत न्या आणि हळू दाबत सुई वर घेत या, वरून ओतलं तर मध्ये हवेचा फुगा अडकतो आणि शाई बाहेर उसळते. काठाच्या थोडं खाली थांबा. पेनाचा पुढचा भाग वर धरून त्यात कार्ट्रिज घट्ट बसवा, मग निब खाली करून ठेवा, फीड म्हणजे निबेच्या खालची ती काळी जीभ, ती ओली व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात. घाई असेल तर कार्ट्रिज बोटांनी एकदा हलकं दाबायचं, निबेवर थेंब दिसला की सोडायचं आणि टीपकागदाने टिपून घ्यायचं. झटकू नका, भिंत रंगवायची असेल तर गोष्ट वेगळी.

पायलट, प्लॅटिनम आणि सेलर यांची कार्ट्रिजं आपापली वेगळी असतात, एकाचं दुसऱ्यात बसत नाही. पार्कर आणि लामीचंही तसंच. पायलटचा छोटा कन्व्हर्टर कॉन-४० नावाचा, ०.४ मिली धरतो, आत बारीक गोळ्या असतात त्या खुळखुळतात, बिघडलेला नाही तो, शाई मागच्या टोकाला चिकटून बसू नये म्हणून घातलेल्या आहेत. अरुंद नळीत शाई पृष्ठताणामुळे मागेच अडकून राहते आणि पेन भरलेलं दिसतं पण लिहीत नाही, छोट्या पेनांचं हे नेहमीचं दुखणं. गोळी नसेल तर नळी भांडी घासायच्या साबणाच्या एका थेंबाच्या पाण्याने धुऊन घ्या, बरंच कमी होतं.

एकच कार्ट्रिज किती वेळा भरता येतं?

तोंड सैल होईपर्यंत. बसवताना पूर्वीसारखा टक् असा जोर लागेनासा झाला की फेकून द्या, नाहीतर शाई पेनाच्या पोटात जमा होते आणि आपल्याला खिसा निळा झाल्यावर कळतं. हिशोब मजेशीर आहे बघा, ६० मिलीच्या एका बाटलीत ०.८ मिलीची ७५ कार्ट्रिजं भरतात. तयार कार्ट्रिजच्या पाकिटाची किंमत आणि देशी शाईच्या बाटलीची किंमत शेजारी ठेवून तुम्हीच ठरवा.

सिरिंज कुठून घ्यायची? फार्मसीत मागायला लाज वाटते.

लाज कसली, पेनात शाई भरायचीय म्हणून सांगायचं, फार्मसीवाला उलट त्याच्या शाळेतल्या पेनाची गोष्ट सांगत बसतो. दोन किंवा पाच मिलीची घ्या. सुई मात्र टोकदार नको, बोथट सुई पाहिजे, प्रिंटरमध्ये शाई भरायच्या किटमध्ये ती असते, गोंद लावायच्या सामानातही मिळते. इन्सुलिनची सिरिंज घेऊ नका, सुई फार बारीक आणि कायमची चिकटवलेली असते. घरात लहान मुलं असतील तर टोकदार सुई शाईच्या डब्यात ठेवूच नका.

कार्ट्रिज-बिर्ट्रिज नको, पेनाच्या पोटातच शाई ओतली तर?

ओतता येते, फक्त तीन गोष्टी बघा. पोटाला कुठेही भोक नको, आत धातूचा भाग नको कारण शाईने गंजतो, आणि पुढचा भाग आट्यांचा, म्हणजे फिरवून बसणारा हवा. प्रेपीचं असं सहज करता येतं, कावेकोच्या प्लास्टिकच्या स्पोर्टचंही. त्यांच्याच पितळेच्या आणि ॲल्युमिनियमच्या पेनात करू नका.

आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावायचं, व्हॅसलिन नाही. व्हॅसलिन पेट्रोलियमचं, रबरी रिंग असेल तर ती फुगते आणि ढिली पडते. इथे गोव्यात आपली एक सोय आहे, स्कुबा डायव्हिंगवाले त्यांच्या सामानाच्या रबरी रिंगांना तेच सिलिकॉन ग्रीस लावतात, ते मिळालं तर एक छोटी डबी पुष्कळ वर्षं पुरते. काडीपेटीच्या काडीवर मावेल इतकंच घ्या, आट्यांवर पसरा, फीडकडे जाऊ देऊ नका.

पण थेट ओतायच्या आधी पुढचा प्रश्न वाचा.

बेळगावला जाताना चोर्ला घाटात पेन गळतं. पेन खराब आहे का?

पेन चांगलं आहे, आतली हवा फुगते. इथे किनाऱ्यावर आपण समुद्रसपाटीला असतो आणि बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंच, तिथे हवेचा दाब आपल्याकडच्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी, म्हणजे पेनात अडकलेली हवा तेवढीच, किंवा किंचित जास्तच, प्रसरण पावते आणि शाईला पुढे ढकलते.

आता गणित करा. मोठा आयड्रॉपर, अर्धा रिकामा, आत २ मिली हवा. ती वाढून जवळपास ०.२ मिली शाई बाहेर लोटणार, म्हणजे चांगले तीन-चार थेंब, एवढे फीडच्या खाचांना झेपत नाहीत, टोपणात सांडतात. तेच छोट्या कार्ट्रिजमध्ये अर्धी म्हणजे ०.४ मिली हवा असेल तर बाहेर येणार ०.०४ मिली, एक थेंबसुद्धा नाही, तेवढं फीड आरामात सांभाळते. कारण पेन लहान असलं तरी फीड काही त्या प्रमाणात लहान नसते. म्हणून वर म्हटलं की आपल्याला छोटं पेन सोयीचं. हातात धरल्यावर आयड्रॉपरमधून अचानक शाईचा गोळा कागदावर पडतो त्याचंही हेच कारण, हाताच्या उबेने हवा फुगते. शाई एक तृतीयांशावर आली की परत भरायची, म्हणजे हवेला जागाच राहत नाही.

गाडी एसीत चोवीस डिग्रीला आणि बाहेर उन्हात डॅशबोर्ड, किंवा स्कूटरची डिकी, हा उन्हाळ्यातला दुसरा घाट समजा. एप्रिल-मेमध्ये डिकीत पेन ठेवू नका, बस.

विमानाला, दाबोळी असो नाहीतर मोपा, तोच नियम पण जास्त कडक कारण केबिनमधला दाब दोन हजार मीटर उंचीच्या आसपासचा असतो. पूर्ण भरलेलं न्या किंवा पूर्ण रिकामं न्या, निब वर करून ठेवा, विमान चढत असताना लिहायला काढू नका. निब वर असली की शाई मागे राहते आणि फुगलेली हवा एकटीच बाहेर निघून जाते.

कुठली शाई घ्यावी?

रोजच्याला कॅमलची रॉयल ब्लू. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या करून विकायला सुरुवात केली, हॉर्स ब्रँड नावाने, त्यातून पुढे कॅम्लिन झालं, आणि ती शाई अजून कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळते, यापेक्षा जास्त काय पाहिजे. ब्रिल आणि चेलपार्कही चालतात. कोलकात्याची सुलेखा १९३४ ची, मधे बरीच वर्षं बंद होती, आता परत मिळते, रंग जरा गंभीर पण छान. परदेशीत पार्कर क्विंक, ती १९३१ पासूनची, कुठल्याही जुन्या पेनाला निर्धास्त घाला.

रॉयल ब्लूचा एक दोष, पाण्याने जाते. जुलैमध्ये कदंबच्या बसमधून उतरून छत्री सांभाळत ऑफिसात पोचेपर्यंत अर्जावरची सही वाहून गेलेली असते. अर्ज, करार, पाकिटावरचा पत्ता यासाठी परमनंट काळी किंवा आयर्न गॉल घ्या.

आयर्न गॉल म्हणजे?

लोहाचे क्षार आणि मायफळातलं टॅनिन यांची जुन्या पद्धतीची शाई, लिहिताना फिकी आणि हवा लागली की काळपट होत जाते, कागदात मुरते. पणजीच्या पुराभिलेख खात्यात, ज्याची सुरुवात १५९५ सालापर्यंत मागे जाते, पोर्तुगिजांच्या वेळचे कागद आहेत. त्या काळी युरोपात आणि त्यांच्या वसाहतींत सरकारी लिखाण याच जातीच्या शाईने चालायचं. आम्ल जास्त झालं आणि हवा दमट असली तर ती शाई कागद खाते, अक्षरांच्या जागी भोकं पडतात. आपल्याकडची मोडी कागदपत्रं बोरूने आणि काजळाच्या शाईने लिहिलेली असायची, काजळ कागदाला त्रास देत नाही. आजच्या पेनासाठीच्या आयर्न गॉल शाया खूप सौम्य असतात, घाबरायचं कारण नाही, फक्त पेनात वाळू देऊ नका आणि दर भरण्याला पेन धुवा.

काजळाची, ड्रॉइंगची, प्रिंटरची शाई चालेल?

नाही, नाही आणि नाही. ड्रॉइंगच्या वॉटरप्रूफ शाईत लाख असते, ती फीडमध्ये सुकली की पेन संपलं. दुकानदार 'शाईच आहे की' म्हणून देतो, बाटलीवर फाउंटन पेन लिहिलंय का ते वाचून घ्या.

पावसाळ्यात बाटलीत पांढरं तरंगतं ते काय?

बुरशी. पूर्वी शायांमध्ये फिनॉल घालायचे, तो एक उग्र वास यायचा, तो बुरशीला मारायचा. आता बऱ्याच शायांत सौम्य द्रव्यं असतात आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलेवरसुद्धा बुरशी येते, तर शाईचं काय घेऊन बसलात.

ती बाटली फेका. गाळून वापरू म्हणू नका, बीजाणू गाळण्याने जात नाहीत आणि एका पेनातून सगळ्या बाटल्यांत पसरतात. ज्या पेनात ती शाई होती ते साध्या प्लास्टिकचं आणि स्टीलच्या निबेचं असेल तर दहा भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून काही मिनिटं बुडवा, लगेच भरपूर पाण्याने धुवा. जुन्या आणि एबोनाइटच्या पेनांना ब्लीच लावू नका. आणि ब्लीचमध्ये अमोनिया कधीच मिसळायचा नाही, विषारी वायू होतो. पेन धुवायला काही जण अमोनिया वापरतात म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

टाळायचं कसं, तर पेन बाटलीत बुडवायचंच नाही. थोडी शाई सिरिंजने छोट्या कुपीत काढायची आणि तिथून भरायचं, कुपीतली उरलेली परत बाटलीत ओतायची नाही. सिरिंजच्या पद्धतीचा हा मोठा फायदा. शाई घट्ट झाली म्हणून नळाचं किंवा विहिरीचं पाणी घालू नका, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटर मिळतं त्याचे दोन-चार थेंब घाला.

आणि छोट्या पेनाचा दुसरा मुद्दा इथेच येतो. कमी शाई भरली की आठ-दहा दिवसांत संपते, पेन धुतलं जातं, नवीन भरलं जातं. मोठ्या पेनात तीच चार मिली शाई दोन महिने दमट हवेत पडून राहते आणि मग हे सगळं निस्तरावं लागतं.

बाटली तळाला आली, निब बुडत नाही. उरलेली शाई फेकू?

फेकता कशाला. सिरिंज. तिरकी धरून शेवटचा थेंबही निघतो. म्हणून तर म्हणतो एक सिरिंज पाहिजेच.

एका वेळी किती पेनं भरून ठेवावी?

रोज हाताळता तेवढीच. दोन, फार तर तीन. बाकीची धुऊन, पूर्ण सुकवून ठेवायची. आणि सुकायला पावसाळ्यात वेळ लागतो हं, फीडमध्ये पाणी लपून बसतं, निब खाली करून टिश्यूवर रात्रभर उभं ठेवा, सकाळी टिश्यूवर रंग दिसला तर अजून एक रात्र.

घरात जुनं पेन सापडलं. चालू होईल का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. मुक्तीपूर्वी, म्हणजे १९६१ च्या आधी, गोव्यात परदेशी माल सहज यायचा, घड्याळं, पेनं, दारू, आणि नंतर तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, आणि गल्फला गेलेले लोक येताना पार्कर नाहीतर शेफर घेऊन यायचे, लग्नमुंजीत भेट द्यायला. त्यामुळे इथे कपाटांच्या खणात खरोखर चांगली पेनं निघतात.

पहिली गोष्ट, लगेच शाई भरू नका आणि जोर लावून उघडू नका. कडेला छोटी पट्टी म्हणजे लिव्हर दिसत असेल तर आत रबराची पिशवी आहे आणि ती चाळीस-पन्नास वर्षांत एकतर दगडासारखी कडक झाली असेल किंवा चिकट गूळ झाला असेल. लिव्हर ओढलीत तर मोडेल. पिशवी बदलता येते, आकड्याने मिळते, १६ नंबर म्हणजे एका इंचाचे सोळा चौसष्टांश, लाखेने चिकटवतात. बायकांच्या छोट्या पेनांना त्याहून बारीक लागते, त्यामुळे शाई थोडीच मावते, तो दोष नाही.

पार्कर ५१ निघालं तर नशीब समजा. १९४१ मध्ये बाजारात आलं, निब जवळपास सगळी झाकलेली. १९४८ पासूनच्या पेनांत दाबून भरायची पारदर्शक पिशवी आहे, ती रबराची नाही, म्हणून आजही बऱ्याचदा नुसतं धुतलं की चालू होतं. गार पाणी भरा, सोडा, भरा, सोडा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, कधी दोन दिवस लागतात. पण आधी नीट बघा ते ५१ च आहे की हीरो, चिनी हीरो ६१६ तसंच दिसतं आणि गोव्यात तीही भरपूर आली. क्लिपवरचा बाण आणि टोपणाच्या कडेला कोरलेलं नाव वाचा.

गरम पाणी नको, स्पिरिट नको. एबोनाइट पाण्यात बुडवून ठेवलं की काळ्याचं तपकिरी होतं, उन्हानेही होतं. फक्त निबेचा भाग भिजवा.

गोव्यात पेनं कुठे बघायची?

नवीन देशी पेनं आणि शाई पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या जुन्या स्टेशनरी दुकानांत. समोर लावलेली बघू नका, काउंटरच्या मागच्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून 'जुना काही स्टॉक आहे का' विचारा, धूळ झटकून काहीतरी निघतंच. हणजुण्याचा बुधवारचा आणि हडफड्याचा शनिवारी रात्रीचा बाजार हंगामात असतात, तिथे जुन्या वस्तूंच्या ढिगाऱ्यात कधीतरी पेन दिसतं पण भाव पर्यटकांचा सांगतात. घेताना निबेचा मणी झिजून सपाट झालाय का, टोपणाच्या कडेला केसासारखी चीर आहे का, टोपण आणि पोट एकाच पेनाचं आहे का, हे बघा. खिशात एक छोटं भिंग ठेवलं की विकणाराही भाव जरा विचार करून सांगतो.

सर्वात चांगली जागा मात्र नातेवाईक. चतुर्थीला सगळे घरी जमतात तेव्हा विषय काढून बघा.

पेनं ठेवायची कशी?

हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून, अंधारात. सेल्युलॉइडचं, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकचं, पेन असेल तर ते मात्र वेगळं आणि हवा खेळेल असं ठेवा, ते हळूहळू वायू सोडतं आणि बंद डब्यात शेजारच्या पेनांची क्लिप, निब गंजवतं. वह्यासुद्धा डब्यात ठेवा, ऑगस्टमध्ये कागद ओल धरतो आणि मग कुठलीही शाई पसरते, लोक पेनाला नावं ठेवतात.

शर्टावर शाई पडली.

घासू नका, खालून कोरडं फडकं ठेवून वरून गार पाण्याने टिपत राहा. रॉयल ब्लू असेल तर निघते. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवायची नाही. काळी परमनंट असेल तर तो शर्ट यापुढे शाई भरताना घालायला ठेवा.

मुलांना कितवीपासून द्यावं?

हात दाबून लिहायची सवय मोडली की द्या, वय बघू नका. आणि मुलाला छोटं आयड्रॉपर देऊ नका, दप्तरात उलटंपालटं होऊन गळतं, कार्ट्रिजवालं द्या आणि कार्ट्रिज घरी तुम्ही भरून द्या. रविवारी संध्याकाळी एकदम तीन-चार भरायची, तोंडाला हॉट ग्लूचा एक ठिपका लावायचा, कडक झाला की बंद, लावायच्या वेळी नखाने निघतो.